वारसा मिळताना कर नाही, वाटून घेताना मात्र आहे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील आईच्या नावावरचे घर तिच्या पश्चात तीन भावंडांकडे आले. बाकीच्या दोघांचा हिस्सा विकत घेण्याची ऐपत तिघांपैकी कोणाचीच नाही, म्हणून घर विकून पैसे वाटून घ्यायचे ठरले. आणि या विक्रीवर पंधरा लाखांहून अधिक कर भरावा लागेल असे त्यांना सांगण्यात आले. दुसरीकडे मोठ्या उद्योगसमूहांची मालकी वडिलांकडून मुलांकडे जाते तेव्हा त्यावर कर लागल्याचे कधी ऐकिवात येत नाही. आपल्या देशात वारसाकर नाही असे सगळेच सांगतात. मग हा कर कसला, आणि या रचनेला न्याय्य म्हणायचे का?

करसल्लागार म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग वारसाने आलेल्या घरांचा, शेअर्सचा आणि जमिनींचा आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ही तक्रार रास्त आहे. या भावंडांना लागणारा कर चुकीचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. खरा दोष असा की आपला कायदा संपत्ती मिळाल्याची दखल घेत नाही, ती विकल्याची घेतो. ज्याला विकावे लागते तो कर भरतो. ज्याला विकण्याची गरजच पडत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या काही भरत नाही.

आधी कायद्याची रचना पाहू. वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने काहीही मिळाले, अगदी कितीही मोठे असले, तरी मिळण्याच्या क्षणी आयकर लागत नाही. मात्र वारसाने ती मालमत्ता पुढे विकली, की मूळ मालकाची खरेदी किंमत हीच वारसाची खरेदी किंमत धरली जाते. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 49 चा हा आशय आहे. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. मालमत्ता 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या दिवसाचे बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते, पण जमीन आणि इमारतीच्या बाबतीत ते त्या दिवसाच्या मुद्रांक शुल्क मूल्यापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरच्या दरापेक्षा, जास्त धरता येत नाही. थोडक्यात, आईच्या हयातीत वाढलेल्या किमतीवरचा कर माफ होत नाही, तो मुलांच्या खांद्यावर येऊन थांबतो.

या घराचे 2001 चे मूल्य दहा लाख रुपये आणि 2025-26 मधील विक्रीची किंमत एक कोटी तीस लाख धरू. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी दोन पर्याय आहेत. खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणारा निर्देशांक न वापरता 12.5 टक्के दराने एक कोटी वीस लाखांच्या नफ्यावर पंधरा लाख कर होतो. निर्देशांक 100 वरून 376 वर गेला असल्याने दुसऱ्या पर्यायात खरेदी किंमत 37 लाख 60 हजार होते, पण दर 20 टक्के असल्याने कर 18 लाख 48 हजारांवर जातो. म्हणजे पहिला पर्याय बरा. उपकर धरून आणि अधिभार लागत नाही असे मानून प्रत्येक भावंडाच्या वाट्याला 40 लाखांच्या नफ्यावर 5 लाख 20 हजारांचा कर येतो.

आता हाच 40 लाखांचा आकडा इतरांच्या हाती ठेवून पाहावा. एखाद्या नोकरदाराचे त्याच वर्षाचे करपात्र उत्पन्न 40 लाख असेल, तर नव्या करप्रणालीत त्याला उपकरासह सुमारे 8 लाख 11 हजार रुपये भरावे लागतात. ज्याला वडिलांची 40 लाखांची मुदत ठेव वारसाने मिळाली, त्याला त्या रकमेवर काहीच भरावे लागत नाही. ज्याला गावाकडची शेतजमीन मिळाली आणि ती विकून त्याला 40 लाखांचा नफा झाला, त्यालाही काही भरावे लागत नाही, कारण ग्रामीण शेतजमीन आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच, म्हणजे विकल्यावर नफ्यावर कर लागणारी मालमत्ताच, नाही. चौघांच्या हाती जवळपास सारखीच आर्थिक ताकद आली, पण कर मात्र आठ लाखांपासून शून्यापर्यंत पसरला आहे. शिवाय सर्वांत जास्त भार स्वतःच्या कष्टाने मिळवणाऱ्यावर आहे. करातील न्यायाची पहिली कसोटी अशी की समान ऐपतीच्या माणसांनी साधारण समान भार उचलावा. ही कसोटी येथे पुरी होत नाही.

या भावंडांना सवलती नाहीत असे नाही. नफ्यातून दुसरे घर घेतले तर त्या प्रमाणात कर वाचतो. किंवा विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी गुंतवली, तरी कर लागत नाही. प्रत्येकाचा नफा 40 लाखांचाच असल्याने तिघेही कागदोपत्री पूर्ण करमुक्त होऊ शकतात. पण ज्या बहिणीला मुलाच्या शिक्षणाचे कर्ज फेडायचे आहे किंवा ज्या भावाला शस्त्रक्रियेचा खर्च भागवायचा आहे, त्याला पाच वर्षे पैसे अडकवून ठेवणे परवडत नाही. ही सवलत व्यवहारात थांबू शकणाऱ्यालाच मिळते, आणि ज्याला पैशाची निकड आहे तोच कर भरतो. वारशातील अन्याय मला सर्वांत ठळकपणे येथे दिसतो, आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही.

मोठ्या संपत्तीचे गणित वेगळे असते. प्रवर्तक कुटुंबाचे, म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्या कुटुंबाचे, शेअर्स विकायचे नसतातच, कारण त्यांच्यासोबत कंपनीवरचे नियंत्रण येते. खर्चासाठी लाभांश असतो (त्यावर कर लागतो, हे मान्य केले पाहिजे) आणि शेअर्स तारण ठेवून कर्जही काढता येते. केवळ नातेवाइकांच्या हितासाठी स्थापलेल्या खासगी न्यासात (ट्रस्टमध्ये) शेअर्स टाकले तर त्या हस्तांतरावरही कर नाही. त्यामुळे आजोबांच्या काळापासून वाढत आलेल्या मूल्यावर कर बसण्याचा प्रसंग येतच नाही. हे सर्व पूर्णपणे कायदेशीर आहे आणि मी त्यात कोणाला दोष देत नाही. पण वर्ल्ड इनइक्वालिटी लॅब या विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये देशातील सुमारे 40 टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती. अशा देशात संपत्तीच्या वरच्या टोकाला कराचा प्रसंगच उद्भवू नये, याला न्याय्य म्हणणे मला कठीण जाते.

बक्षिसाच्या नियमांतही असाच तिढा आहे. नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात पन्नास हजारांहून अधिक रक्कम मिळाली, तर ती सगळी रक्कम उत्पन्न धरून कर लागतो. तीच रक्कम त्याच व्यक्तीने मृत्युपत्राने दिली तर लागत नाही. काकाने पुतण्याला दिलेले बक्षीस करमुक्त आहे, पण पुतण्याने म्हाताऱ्या काकाला दिले तर ते काकाच्या हाती करपात्र ठरते, कारण नातेवाइकांच्या व्याख्येत काकासाठी पुतण्या बसत नाही. जिने एखाद्या वृद्धाची अनेक वर्षे सेवा केली, तिला त्याने हयातीत दहा लाख दिले तर सरकार आपला वाटा घेते. ज्या मुलाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, त्याला दहा कोटी मिळाले तरी घेत नाही. महाराष्ट्रात 2015 पासून राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये इतके नाममात्र केले गेले. सामान्य कुटुंबांसाठी हा उत्तम निर्णय होता. पण त्याला वरची मर्यादा नसल्याने डोंबिवलीच्या दोन खोल्या आणि मलबार हिलचा बंगला या सवलतीत एकाच रांगेत बसतात.

वारसाकर आपल्याकडे कधी नव्हताच असेही नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना 1953 मध्ये इस्टेट ड्युटीचा, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरील कराचा, कायदा आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाला. पुढे त्याचे दर वाढत गेले. अखेरच्या काळात वीस लाखांवरील भागाला 85 टक्के दर होता. मृत्यूपूर्वी दोन वर्षांत दिलेली बक्षिसेही हिशेबात धरली जात. कागदावर एवढा कडक असलेला हा कर 1985 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी रद्द केला, तेव्हा त्याचे उत्पन्न वर्षाला जेमतेम वीस कोटी होते आणि वसुलीचा खर्च त्या मानाने मोठा होता. एकाच मालमत्तेसाठी संपत्ती कर आणि इस्टेट ड्युटी अशा दोन कायद्यांना तोंड देणे हा लोकांचा छळ आहे, हेही त्या वेळी दिलेले एक कारण होते. त्यानंतर 1998 मध्ये बक्षीस कर गेला आणि 2015 च्या अर्थसंकल्पात संपत्ती करही गेला.

या अनुभवातून वारसाकर भारतात चालूच शकत नाही असा निष्कर्ष काढला जातो. मी तो मान्य करत नाही. 85 टक्के दर लावला की माणसे कर भरण्याऐवजी तो टाळण्याच्या वाटा शोधतात, आणि सूट-मर्यादा खाली ठेवली की एक घर मागे ठेवून गेलेल्या शिक्षकाच्या विधवेलाही कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात. फसली ती दर आणि मर्यादा यांची निवड. ब्रिटनमध्ये मूळ सूट-मर्यादा 3 लाख 25 हजार पौंडांची आहे आणि 2009 पासून ती हललेली नाही. या काळात घरांच्या किमती वाढल्याने साधी घरेही 40 टक्के कराच्या कक्षेत येत गेली. मर्यादा महागाईशी कायद्यानेच बांधलेली नसेल, तर श्रीमंतांसाठी आणलेला कर हळूहळू मध्यमवर्गावर घसरतो.

विरोधातील सर्वांत प्रामाणिक आक्षेप दुहेरी कराचा आहे. वडिलांनी कर भरून उरलेले पैसे साठवले, मग त्यावर पुन्हा कर का? पगारातून साठवलेल्या मुदत ठेवीबाबत या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच लहान-मध्यम वारशांना पूर्ण सूट असली पाहिजे असे मी मानतो. पण मोठ्या वारशांचा बराचसा भाग ठेवींचा नसतो, तो वाढलेल्या किमतींचा असतो, आणि त्या वाढीवर कोणीही कधी कर भरलेला नसतो. महापालिकेच्या हद्दीपासून थोड्या अंतरावरच्या जमिनीची किंमत रिंगरोड, मेट्रो किंवा विमानतळाच्या घोषणेने वाढते, म्हणजे सार्वजनिक पैशाने वाढते. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून हवाई अंतराने आठ किलोमीटरच्या पलीकडे ती जमीन असेल, तर पाच लाखांचा नफा असो की पन्नास कोटींचा, आयकर शून्य. येथे दुहेरी कराचा प्रश्नच येत नाही. कर एकदाही लागलेला नाही.

अमेरिकेचे उदाहरण या चर्चेत हमखास येते आणि बहुतेकदा चुकीचे येते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी, तेथे निम्म्याहून अधिक संपत्ती सरकार घेते असे बरेच बोलले गेले. प्रत्यक्षात तेथील केंद्रीय इस्टेट टॅक्सचा कमाल दर 40 टक्के आहे आणि त्या वर्षी 1 कोटी 36 लाख डॉलरपर्यंत सूट होती. 2026 साठी ती दीड कोटी डॉलर आहे. शिवाय तेथे वारसाची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने नव्याने धरली जाते, म्हणजे मृताच्या हयातीत वाढलेल्या मूल्यावरचा भांडवली नफ्याचा कर कायमचा पुसला जातो. ठाण्याच्या या तीन भावंडांना अमेरिकेत असते तर काहीच भरावे लागले नसते. त्या एका मुद्द्यावर आपला कायदा सामान्य वारसाला अमेरिकेपेक्षा कडक आहे.

याच कायद्याची एक बाजू पुणे-मुंबईतील वाचकांनी जरूर लक्षात घ्यावी, कारण ती माहीत नसल्याने कुटुंबे अडचणीत येतात. अमेरिकेचा नागरिक किंवा तेथील रहिवासी नसलेल्या व्यक्तीच्या नावावर अमेरिकी कंपनीचे शेअर्स असतील, तर तिला ही दीड कोटी डॉलरची सूट मिळत नाही. तिची सूट फक्त 60 हजार डॉलर आहे. त्याहून अधिक मूल्याचे शेअर्स असतील, तर वारसांना फॉर्म 706-एनए हे तेथील इस्टेट टॅक्सचे विवरणपत्र भरावे लागते आणि कराचा दर 40 टक्क्यांपर्यंत जातो. या विषयावर भारत आणि अमेरिका यांच्यात करार नाही. आयटी कंपनीत पंधरा-वीस वर्षे नोकरी करून मूळ अमेरिकी कंपनीचे शेअर्स साठवलेले अनेक जण हिंजवडीत आहेत. वारसाकर नसलेल्या देशात राहूनही त्यांच्या कुटुंबांवर वारसाकर येऊ शकतो, तोही सॅन फ्रान्सिस्कोतील लक्षाधीशाच्या मुलांना लागणार नाही अशा रकमेवर.

मग न्याय्य रचना कशी असावी? याचे उत्तर आपल्या राज्यघटनेत जवळजवळ लिहून ठेवलेले आहे. केंद्र सूचीतील, म्हणजे केंद्राच्या अधिकारातील विषयांच्या यादीतील, 87 वी नोंद मृताच्या संपूर्ण मालमत्तेवरील इस्टेट ड्युटीची आहे. 1953 चा कायदा तिच्यावर उभा होता. त्यापुढची 88 वी नोंद मालमत्तेच्या उत्तराधिकारावरील शुल्काची आहे, म्हणजे ज्याला जे मिळाले त्यावर त्याने द्यायच्या कराची. ही दुसरी नोंद आजवर वापरली गेलेली नाही. माझ्या मते न्यायाचा मार्ग तिच्यातूनच जातो. मेलेल्या माणसाने किती ठेवले यापेक्षा जिवंत माणसाला फुकट किती मिळाले, हा प्रश्न करासाठी अधिक योग्य आहे. आयर्लंडमध्ये कर याच पद्धतीने चालतो: मुलाला आई-वडिलांकडून आयुष्यभरात बक्षीस आणि वारसा मिळून जे येते ते एकत्र मोजतात, 4 लाख युरोंपर्यंत काही नाही, वरच्या भागावर 33 टक्के. दर आणि मर्यादा आपण तेथून उचलण्याचे कारण नाही. आपल्याकडे प्रत्येक वारसाला आयुष्यभरात मिळून पाच कोटींची सूट, ती दरवर्षी महागाईप्रमाणे वाढणारी, आणि वरच्या रकमेवर दहा ते पंधरा टक्के, एवढ्याने सुरुवात व्हावी असे मला वाटते. ज्या मूल्यावर हा कर भरला, तेच मूल्य पुढे वारसाची खरेदी किंमत धरले पाहिजे, म्हणजे त्याच वाढीवर पुन्हा भांडवली नफ्याचा कर बसणार नाही. न्यासात ठेवलेली संपत्ती लाभार्थ्यांच्या नावे मोजली पाहिजे. आणि चालू उद्योग मोडून कर भरावा लागू नये म्हणून दहा वर्षांचे हप्ते दिले पाहिजेत. उद्योगाला सरसकट सूट देणे मात्र टाळावे. जर्मनीने उद्योगांच्या वारशाला दिलेल्या सवलती इतक्या मोकळ्या होत्या की 2014 मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने त्या अंशतः घटनाबाह्य ठरवल्या.

या पद्धतीचा आणखी एक परिणाम मला फार मोलाचा वाटतो. सूट प्रत्येक वारसाला स्वतंत्र असेल, तर वारस जितके अधिक तितका एकूण कर कमी होईल. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायिकाचा, म्हणजे मुलांप्रमाणे जन्मतः हिस्सेदार असण्याचा, हक्क दिला. तरीही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बहिणींची हक्कसोड पत्रे नोंदली जाताना आजही पाहायला मिळतात, बहुतेक वेळा एका पैशाच्या मोबदल्याशिवाय आणि घरातल्या दबावाखाली. सध्याच्या कायद्यात सगळे एका मुलाच्या नावावर केले काय आणि चौघांत वाटले काय, करात फरक पडत नाही. वारसागणिक सूट असेल तर वीस कोटींची मालमत्ता दोन भाऊ आणि दोन बहिणींत सारखी वाटल्यावर कर शून्य होईल, आणि एकाच मुलाला दिली तर पंधरा कोटींवर भरावा लागेल. बहिणीचा हिस्सा देणे मग घरातल्या सर्वांत हिशेबी माणसालाही पटेल.

शेतीचा प्रश्न वेगळा आहे. शेतजमिनीवरील उत्तराधिकाराचे शुल्क घटनेने राज्य सूचीत, 47 व्या नोंदीत ठेवले आहे. महाराष्ट्रात 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने बारमाही सिंचनाच्या जमिनीला 18 एकरांची आणि कोरडवाहू जमिनीला 54 एकरांची मर्यादा आहे. शेतकऱ्याच्या संपत्तीला साठ वर्षांहून अधिक काळ कायद्याने वरची सीमा आहे आणि कंपनीच्या शेअर्सना ती कधीच नव्हती, हे लक्षात ठेवले तर कसणाऱ्याच्या वारसावर नवा भार टाकण्याचे समर्थन मी करणार नाही. सातबारा वारसाच्या नावे झाला आणि जमीन कसली जात राहिली, तर कर नको. पण तीच जमीन गृहप्रकल्पासाठी कोट्यवधींना विकली गेली, तर त्या नफ्याला वरची मर्यादा नसलेली माफी कायम ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

राहता प्रश्न या तीन भावंडांचा. पाच कोटींच्या मर्यादेत त्यांना वारसाकर लागणार नाही हे उघड आहे, पण भांडवली नफ्याचे पंधरा लाख तसेच राहतील, आणि तेही बदलले पाहिजे. मृताचे एकमेव राहते घर वारसांनी वाटणीसाठी ठरावीक मुदतीत, समजा तीन वर्षांत, विकले, तर एकूण दोन कोटींच्या मर्यादेपर्यंत मृत्यूच्या दिवसाचे मूल्य खरेदी किंमत म्हणून धरण्याची मुभा असावी. वरच्या टोकाला कर आणून खालच्या टोकाला ही मोकळीक देता येते. तोपर्यंत त्यांनी तीन गोष्टी कराव्यात: नोंदणीकृत मूल्यांककाकडून 1 एप्रिल 2001 च्या मूल्याचा अहवाल घ्यावा आणि त्या वर्षीच्या रेडी रेकनरशी तो ताडून पाहावा, कारण मूल्यातील प्रत्येक लाखामागे साडेबारा हजारांचा फरक पडतो, आईने घरात केलेल्या मोठ्या सुधारणांच्या पावत्या शोधाव्यात, आणि विक्रीकरारात तिघांचे हिस्से स्वतंत्र दाखवून प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे घर, रोखे किंवा कर यांपैकी पर्याय निवडावा. एकाने कर भरला म्हणून दुसऱ्याला रोखे घेता येत नाहीत असे अजिबात नाही.